आमचे साहेब मेसन होते

साहेब गेल्यावर चौदा महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. तेराव्याला पंगतीत वाढायला होतो. निघताना वहिनींना म्हणालो होतो, "काहीही लागलं तर हाक मारा, साताऱ्याहून दोन तासांत पोहोचतो." वहिनींनी हाक मारली नाही आणि मी गेलो नाही. कामं होती, मुलीचं लग्न होतं, पावसाळा होता. पुण्याला त्या काळात मी वीस-बावीस वेळा तरी गेलो असेन.

गेलो तेव्हा दार एका अनोळखी गृहस्थांनी उघडलं. सत्तरीच्या आसपासचे, दाढी, डोक्याला सोनेरी काठाची पांढरी बोहरी टोपी. टेबलावर बँकेचे कागद पसरलेले होते. शेजारी औषधांचा डबा, प्रत्येक खणावर ठसठशीत मराठी अक्षरांत वार आणि वेळ. त्यांनी एका अर्जावर वहिनींची सही घेतली, चहा संपवला, खिशातून छोटी वही काढून काहीतरी टिपलं आणि म्हणाले, "मोतीबिंदूचं दिवाळीच्या आधी करून टाकू, भाभी." मग माझ्याशी हात मिळवून निघून गेले.

"कोण हे?" मी विचारलं.

"ह्यांच्या लॉजचे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येतात. त्यांना जमलं नाही तर दुसरे कुणी. एक सरदारजी आहेत, ते गॅसचं बघतात."

"साहेबांचे मित्र का?"

"तेव्हा होते. आता माझ्याच जास्त ओळखीचे झालेत."

साहेबांबरोबर मी अठरा वर्षं काम केलं. ते स्ट्रक्चरल इंजिनिअर, मी सातारचा कंत्राटदार. त्यांचा स्वभाव, त्यांची शुगर, त्यांची चिडायची वेळ, सगळं मला पाठ. ते तीस वर्षं फ्रीमेसन होते हे मात्र मला त्या दिवशी कळलं. मेसन म्हणजे गवंडी; गवंड्यांच्या जुन्या संघांतून निघालेली बंधुभावाची ही संस्था, आणि तिच्या शाखेला लॉज म्हणतात. वहिनींनी कपाटातून एक चपटी काळी बॅग काढून दाखवली. आत कोकराच्या कातड्याचा पांढरा, निळ्या काठाचा एप्रन. कमरेला बांधायचा. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, दगड घडवताना बांधलेलं गोणपाट मला एकदम आठवलं.

परत येताना खंबाटकीचा घाट चढत होतो. घाटात ट्रक बंद पडला होता, रांग लागली होती. त्या तासाभरात मला स्वतःची फार लाज वाटली. वहिनींबद्दल मला माया नव्हती असं नाही, खूप होती. पण माझ्या मायेला तारीख नव्हती. त्या बोहरी गृहस्थांच्या वहीत तारीख होती.

नंतर समजलं की मेसनांच्या बऱ्याच लॉजमध्ये या कामासाठी एक पदाधिकारी असतो. त्याला अल्मोनर म्हणतात. आजारी सभासद, गेलेल्या सभासदाची बायको, अडचणीत आलेलं घर, या सगळ्यांची नोंद ठेवायची आणि विचारपूस करत राहायचं, हे त्याचं काम. कुणाला तरी आठवण ठेवायचं काम नेमून देणं ही कल्पनाच मला नवी होती. आपल्याकडे मयताला गाव लोटतं, दहाव्याला नदीवर गर्दी होते. दहाव्या महिन्यात कोण येतं?

तेव्हापासून मी या संस्थेबद्दल वाचायला लागलो, माणसांना भेटायला लागलो. आज दीड वर्ष झालं. माझा अर्ज सध्या एका लॉजपुढे आहे. तिथवर येताना जे कळलं आणि जे अजून टोचतं, ते इथे लिहितो आहे. साताऱ्यात बसून मी जसा चाचपडलो, तसं आणखी कुणी चाचपडत असेल.

पहिली अडचण शब्दाची. साताऱ्यात लॉज म्हटलं की एसटी स्टँडसमोरच्या लॉजिंग-बोर्डिंगच्या पाट्या डोळ्यांसमोर येतात. मूळ लॉज म्हणजे बांधकामाला टेकून उभारलेली शेड. युरोपात मध्ययुगात मोठ्या चर्चचं काम पिढ्यान् पिढ्या चाले. दगड घडवणारे गवंडी त्या शेडमध्ये काम करत, हत्यारं ठेवत, जेवत, पावसात थांबत. हे वाचताना मला काही समजावून घ्यावं लागलं नाही. मी अशाच शेडमध्ये लहानाचा मोठा झालो.

माझा जन्म भूकंपाच्या सालचा. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे कोयना हादरली आणि पाटणकडची घरं पत्त्यासारखी बसली. अण्णा लिंब गावाकडचे, दगडाच्या कामातले. भूकंपानंतर ते कोयनेच्या खोऱ्यात कामाला गेले आणि बरीच वर्षं तिकडेच राबले. माझी पहिली आठवण म्हणजे पत्र्याच्या शेडमधला, दगड घडवायच्या टाकीचा टणटण आवाज आणि आईनं फडक्यात बांधून आणलेली भाकरी. त्या शेडमध्ये कायदे होते. दुसऱ्याच्या हत्याराला न विचारता हात लावायचा नाही. परगावचा कारागीर आला तर आधी पाणी, मग भाकरी, मग चौकशी. नव्या पोराला टाकी धरायला शिकवताना हसायचं नाही.

१५९८ साली स्कॉटलंडच्या राजाचे बांधकामप्रमुख विल्यम शॉ यांनी तिथल्या गवंड्यांसाठी नियम लिहून काढले, तेही वाचले. एकमेकांशी खरेपणानं वागा, भावांसारखे राहा, हे तर त्यात आहेच. पण मी थांबलो ते परांचीच्या नियमाशी. परांची नीट, पक्की बांधली आहे हे कामाच्या मुख्य कारागिरानं स्वतः पाहायचं. त्याच्या हलगर्जीपणामुळे कुणाला इजा झाली तर त्याला पुन्हा कामाचा मुख्य म्हणून उभं राहता येणार नाही. सव्वाचारशे वर्षांपूर्वीचा नियम! आमचे साहेब साइटवर आले की आधी परांचीच्या बांबूला दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघत. बांधणी ढिली दिसली की त्या दिवशी काम बंद. मी कितीदा वैतागलो असेन त्यावरून.

या गवंड्यांच्या लॉजमध्ये हळूहळू दगडाला कधी हात न लावलेली माणसं येऊ लागली. इलायस ॲशमोल नावाच्या इंग्रज विद्वानानं १६ ऑक्टोबर १६४६ला वॉरिंग्टन इथे आपल्याला मेसन करून घेतल्याची नोंद डायरीत केली आहे. पुढे कारागीर मागे पडले आणि त्यांच्या हत्यारांचे अर्थ उरले. २४ जून १७१७ या दिवशी लंडनमधल्या चार लॉजनी सेंट पॉल चर्चजवळच्या एका मद्यगृहात जमून पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजची शिखर संस्था, स्थापन केली. १७२३मध्ये त्यांची छापील घटना आली. आज जी फ्रीमेसनरी आपण म्हणतो ती इथून सुरू होते.

याच सुमारास आमच्या लिंबला काय चाललं होतं, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. बारामोटेची विहीर शके १६४१ ते १६४६ या काळात बांधली, म्हणजे १७१९ ते १७२४. शाहू महाराजांचा काळ. लंडनमधली ती बैठक आणि आमच्या विहिरीचा पहिला दगड यांत दोन वर्षांचं अंतर. अष्टकोनी विहीर, आत जमिनीखालचा महाल, कमानी. तीनशे वर्षं होऊन गेली, सांध्यात सुरीचं पातं जात नाही. विहीर बांधवून घेणाऱ्यांचं नाव तिथल्या शिलालेखात आहे. घडवणाऱ्या हातांची नावं आम्हाला कुणी सांगितली नाहीत. अण्णा मला तिथे न्यायचे आणि एका कमानीच्या दगडाला तळवा लावून उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत.

मेसनांच्या शिकवणीत दोन दगड असतात. एक खाणीतून आलेला, ओबडधोबड. आमच्या भाषेत डबर. दुसरा सहाही बाजूंनी घडवलेला चिरा. पहिला म्हणजे आज आहे तो माणूस, दुसरा म्हणजे त्यानं स्वतःवर काम करून व्हायचा तो. सातारकडच्या माणसाला याचं भाषांतर करून द्यायला नको. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपल्याकडे आई पोराला ऐकवते. त्यांची हत्यारंही तीच. गुण्या म्हणजे वागणं काटकोनात हवं, पाणसळ म्हणजे सगळे एका पातळीवर, ओळंबा म्हणजे सरळ उभं राहणं. चोवीस इंची पट्टीचा अर्थ दिवसाचे चोवीस तास: त्यांतले किती देवाला, किती कामाला, किती विश्रांतीला आणि किती अडलेल्याला दिले, ते मोजायचं. हे सगळं छापील पुस्तकांत आहे, कुणाचं गुपित मी फोडत नाही. हत्यारं अण्णांनी चाळीस वर्षं वापरली. त्यांना अर्थ लावायला सवड नव्हती, पण खंडेनवमीला हळदकुंकू लावून पाटावर मांडायचे तेव्हा ते ज्या नजरेनं ओळंब्याकडे बघत, त्यात काहीच अर्थ नव्हता असं मी म्हणणार नाही.

आता लोक काय म्हणतात ते. मित्रमंडळीत विषय काढला तर पहिल्या पाच मिनिटांत "भूतबंगला" हा शब्द आला. उत्तरेत मेसनांच्या इमारतींना जादूघर म्हणत, तसंच हे. बंद खिडक्या, रात्री जमणारे साहेब लोक, दारावर पहारेकरी. लोकांनी तर्क केले यात नवल नाही. पण मुंबईतल्या फोर्टमधला फ्रीमेसन्स हॉल भर रस्त्यावर उभा आहे, दिल्लीतलं मुख्यालय जनपथवर आहे, पत्ते सगळ्यांना खुले आहेत. गुप्तता आहे ती ओळखीच्या खुणांची आणि विधींच्या काही भागांची.

खरा धोका मला वेगळ्याच बाजूनं दिसला. माझ्या पुतण्याच्या मोबाइलवर संदेश आला: सभासद व्हा, अमुक इतकी नोंदणी फी भरा, आयुष्यभर पैसा आणि सत्ता. खाली गुण्या आणि कर्कटकाचं चिन्ह. पोरगा हुशार, एमआयडीसीत नोकरीला, तरी दोन दिवस विचारात पडला होता. म्हणून इथे ठळक सांगतो. खरी लॉज कुणाला असं आमंत्रण धाडत नाही, पैसे मिळवून द्यायचं वचन देत नाही आणि महिनोन् महिने भेटीगाठी झाल्याशिवाय एक रुपयाही घेत नाही. अर्ज करणाऱ्याकडून उलट लिहून घेतात की मी आपल्या मर्जीनं येतो आहे, कुठल्याही आर्थिक लाभाच्या अपेक्षेनं येत नाही.

त्या वाक्याखाली सही करताना माझा पेन थांबला होता. मी कंत्राटदार आहे. पुण्यातल्या डॉक्टर-वकील-कारखानदारांच्या ओळखी म्हणजे कामं, हे माझ्या डोक्यात येऊन गेलं नाही असं मी म्हणालो तर खोटं होईल. एक रात्र कागद तसाच ठेवला. सकाळी ठरवलं की लॉजमधल्या कुणाचंही काम आपण घ्यायचं नाही. असा नियम त्यांचा नाही, माझ्यापुरता मी केला. मग सही केली.

सभासद होण्याच्या अटी तशा मोजक्या. वय २१ पूर्ण, चारित्र्य स्वच्छ, घरच्यांच्या पोटाला चिमटा न घेता वर्गणी भरता येईल इतकी मिळकत. लॉजमधल्या दोघांनी तुमचं नाव सुचवायचं, एकानं मांडायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं. मग चौकशी समिती भेटते. शेवटी गुप्त मतदान, तेही गोट्यांनी: पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. कुठे एक काळी गोटी पुरते, कुठे दोन-तीन लागतात. आत गेल्यावर तीन पायऱ्या: एन्टर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट, मास्टर मेसन. आमच्याकडे बिगारी, गवंडी, मिस्त्री म्हणतात तशाच. लॉजमध्ये धर्मावर आणि राजकारणावर वाद घालायला बंदी आहे. सातारचा माणूस दोन तास राजकारणाशिवाय बसू शकेल का, ही शंका मला प्रामाणिकपणे आली होती.

आणि देव. तुमची परमशक्तीवर श्रद्धा हवी. कुठल्या देवावर, हे ते विचारत नाहीत. ते त्याला विश्वाचा महान शिल्पकार म्हणतात. १८७७मध्ये ग्रँड ओरिएंट या फ्रान्समधल्या मेसनांच्या शिखर संस्थेनं ही अट काढून टाकली, तेव्हापासून इंग्लंडच्या परंपरेतल्या लॉज आणि त्यांच्यात फारकत झाली. भारतातल्या लॉज श्रद्धेची अट पाळणाऱ्या आहेत. गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथ साहिब, अवेस्ता असे ग्रंथ तिथे शेजारी-शेजारी ठेवतात आणि ज्यानं त्यानं आपल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. मला पहिल्या भेटीत विचारलं, "देव मानता?" मी म्हणालो, "आम्ही विश्वकर्म्याची लेकरं." त्यांना ते पुरलं. मला मात्र घरी आल्यावर पुरलं नाही. कारण अण्णा गेल्यापासून मी देवासमोर हात जोडतो ते सवयीनं, की मानतो म्हणून? त्याचं उत्तर मला माहुलीला सापडलं. संगमावर अण्णांच्या अस्थी सोडल्या होत्या तिथे एका सोमवारी एकटाच जाऊन बसलो. विश्वेश्वराच्या देवळाची जोती बघत होतो. दगडावर दगड बसवणाऱ्या हातामागे काहीतरी आहे असं मला वाटतं, नेहमीच वाटत आलं आहे. तेवढ्यावर मी हो म्हणालो.

भारतात ही संस्था कंपनी सरकारच्या लोकांनी आणली. १७३०मध्ये कलकत्त्याला पहिली लॉज. बराच काळ गोऱ्यांपुरतीच. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत लॉजची दारं उघडली नाहीत. त्यांना अखेर पॅरिसमध्ये प्रवेश मिळाला. मग १८४३मध्ये जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरच्या पुढाकारानं मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही हिंदी लोकांना सामावून घेणारी लॉज निघाली. कलकत्त्यात हिंदूंना घ्यावं की नाही यावर वर्षानुवर्षं वाद झाला आणि १८७२मध्ये प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेश मिळाला. १८८४मध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण कलकत्त्याच्या लॉजमध्ये आला, ज्याला पुढे जगानं विवेकानंद म्हणून ओळखलं. २४ नोव्हेंबर १९६१ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली, रामपूरचे नवाब रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर. काही लॉज मात्र आजही इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडच्या सनदेखाली चालतात. त्यामुळे एकाच हॉलमध्ये वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या लॉज भरतात आणि एकमेकांना मानतात. नवख्यानं एवढं विचारावं: तुमची सनद कुणाची? खरी लॉज न चिडता सांगते.

हे सगळं मी रात्री जेवताना हिला सांगायचो. ही शिक्षिका, माहेर खंडाळा तालुक्यातलं, नायगावपासून जवळ. सावित्रीबाईंचं नायगाव. लहानपणापासून ३ जानेवारीला तिथल्या मिरवणुकीत चाललेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बायका?"

मी म्हणालो, नाही घेत.

"का?"

मी वाचलं होतं ते सांगितलं. जुनी परंपरा, गवंड्यांच्या संघांचा काळ. १८९३ला पॅरिसमध्ये स्त्री-पुरुष दोघांना घेणारी 'ल द्रुआ उमँ' ही वेगळी संस्था निघाली, ॲनी बेझंट तिच्यात होत्या आणि त्यांनीच ती भारतात आणली, हेही सांगितलं. पण साहेबांची लॉज ज्या परंपरेतली, तिला ती मान्य नाही.

ती म्हणाली, "तुमच्या अण्णांच्या शेडमध्ये आई दगड वाहत होत्या की नव्हत्या?"

होत्या. पाटीनं डबर वाहत होत्या, मला पाठीला बांधून.

मग तीच म्हणाली, "त्या माणेकजींचं नाव घेतलंत ना मघाशी? त्यांनी मुंबईत मुलींची इंग्रजी शाळा काढली होती. १८६३ला. आम्हाला प्रशिक्षणात होतं." आणि ताट उचलून आत गेली.

मी या प्रश्नाला उत्तर शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. आमच्या जिल्ह्यात तर हा प्रश्न टाळताच येत नाही. जोतिरावांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण आमच्याच खटाव तालुक्यातलं, आणि १८७३ला त्यांनी सत्यशोधक समाज काढला तो कुणालाही बाहेर न ठेवता. कर्मवीरांनी १९२४मध्ये रयत शिक्षण संस्था साताऱ्यात आणली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवली. मी रयतच्याच शाळेत शिकलो. पाणसळीचा अर्थ मला तिथे कळला, लंडनहून यायची गरज नव्हती. मग आता या वयात, बायकोला दाराबाहेर ठेवणाऱ्या एका संस्थेत मी का जातो आहे? वहिनींच्या टेबलावरच्या त्या औषधाच्या डब्यामुळे जातो आहे. हे उत्तर हिला दिलं. तिनं मान हलवली, पण पटलं असं ती म्हणाली नाही. मलाही ते पुरेसं वाटत नाही.

आता लॉज निवडण्याबद्दल. साताऱ्याहून जाण्याजोगं ठिकाण म्हणजे पुणं, एकशे दहा किलोमीटर. मुंबई अडीचशे, ती सोडून दिली. लॉजच्या सभा बहुधा महिन्यातून एकदा, संध्याकाळी, नंतर सगळ्यांनी मिळून जेवण. म्हणजे घरी यायला मध्यरात्र. पावसाळ्यात घाट, दिवाळीत टोलनाक्यावरच्या रांगा. हे दहा वर्षं जमेल का, हा प्रश्न मला कुठल्याही तत्त्वज्ञानापेक्षा महत्त्वाचा वाटला. एका ज्येष्ठ मेसननी मला सांगितलं की पुष्कळ लोक तीन पायऱ्या चढतात आणि मग दिसेनासे होतात. खर्चही आधी विचारावा: प्रवेश फी, वार्षिक वर्गणी, जेवणाचे पैसे, दानपेटी, काळा सूट, पेट्रोल. विचारायला संकोचू नये. आणि भाषा. मी गेलो त्या दोन्ही लॉजचे विधी इंग्रजीत, तेही जुन्या वळणाच्या, आणि पाठ करावे लागतात. माझं इंग्रजी टेंडरपुरतं. मी ते आधीच सांगून टाकलं.

त्या दोन लॉजच्या लोकांना मी वर्षभर भेटत राहिलो. सभेला बाहेरच्याला बसता येत नाही, पण चहाला, कुटुंबांसाठी ठेवलेल्या जेवणाला बोलावतात. साहेबांची लॉज या दोन्हींत नव्हती. तिथे मी मुद्दामच गेलो नाही; साहेबांच्या नावावर आत जायचं नव्हतं मला. दोन्हीकडे मी एकच प्रश्न विचारला. तुमच्या गेलेल्या सभासदांच्या घरी शेवटचं कोण, कधी गेलं होतं?

पहिल्या लॉजमध्ये माणसं फार चांगली होती. मोठ्या हुद्द्यांवरची, अगत्याची. त्यांनी मला त्यांच्या शिष्यवृत्त्यांबद्दल, रक्तदान शिबिरांबद्दल सांगितलं, बंधुभावावर सुंदर बोलले. माझ्या प्रश्नावर एकमेकांकडे बघितलं आणि म्हणाले, आम्ही सगळ्यांच्या संपर्कात असतोच. मीही वहिनींच्या संपर्कात होतोच की, चौदा महिने.

दुसरी लॉज लहान. जेवायला वीसेक माणसं, त्यांतले निम्मे सत्तरीच्या पुढचे. एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, एक बेकरीवाले इराणी, एक कॉलेजचे प्राध्यापक, दोन तरुण आयटीवाले. भाजी जरा खारट होती. मी प्रश्न विचारला तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईंकडे, म्हणजे एका सभासदाच्या पत्नीकडे, तिथल्या अल्मोनरनी पाहिलं आणि म्हणाले, "वही तुझ्या पर्समध्ये आहे ना?" बाईंनी पर्समधून शंभर पानी वही काढली. सात घरं. प्रत्येकाच्या नावापुढे तारखा. एका नावापुढे लाल शाईनं खूण होती आणि चार महिन्यांची मोकळी जागा. अल्मोनर मला म्हणाले, "हे चुकलं आमचं. त्या मुलाकडे नागपूरला गेल्यात, पत्ता मिळत नाहीये." मोकळी जागा त्यांनी झाकली नाही. मी त्याच रात्री, सूट अंगावर असतानाच, परतीच्या वाटेवर गाडी बाजूला घेऊन हिला फोन केला की माझं ठरलं.

ही म्हणाली, "वही बाईंच्या पर्समध्ये होती म्हणताय?"

हो म्हणालो.

"बरं," म्हणाली.

वहिनींकडे मी आता दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी जातो. दुसरा शनिवार त्यांचा आहे, त्यात मी लुडबुड करत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या आधी झालं. औषधांच्या डब्यावरची अक्षरं आता त्यांना चष्म्याशिवाय दिसतात. साहेबांची ती काळी बॅग लॉजला परत द्यायची की ठेवायची, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही.

माझा अर्ज गेला आहे. येत्या रविवारी चौकशी समितीतले दोघं साताऱ्याला घरी यायचे आहेत. त्यांची पद्धत अशी की बायकोशीही बोलतात, घरच्यांची संमती आहे का विचारतात. त्यानंतरच्या सभेत गोट्या पडतील. जेवायला काय करायचं ते ठरलं आहे: भरली वांगी, बाजरीची भाकरी, आणि मोती चौकातून कंदी पेढे. अण्णांचा ओळंबा मी माळ्यावरून काढून पुसून ठेवला आहे, दाखवायचा की नाही ते ठरवलेलं नाही. काल रात्री बघितलं तर ही टेबलाशी बसून मुलांच्या पेपर तपासायच्या वहीत काहीतरी लिहीत होती. विचारलं तर म्हणाली, "पाहुण्यांना विचारायचे प्रश्न." पान भरत आलं होतं. मला दाखवलं नाही.